रविवारची गोळी

माझा पटकन कोणावर विश्वास बसत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. गुजरातेत, उधन्याच्या लूम कारखान्यात मी जन्मभर कापडाचे ताके तपासले. मशीनवरून उतरलेलं कापड टेबलावर ओढायचं, उजेडात धरायचं आणि त्यातला दोष शोधायचा. कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय. शेठ म्हणायचा, धुडकूभाईच्या हातात स्वतःच्या पोरीच्या लग्नाचा शालू दिला तरी तो आधी उलटा करून बघेल. रिटायर झालो, कापड गेलं, पण नजर तशीच राहिली. मग ती दूधवाल्यावर, गॅसवाल्यावर आणि घरातल्या माणसांवर फिरू लागली.

त्यामुळे उषाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, डॉक्टरने हाडांची गोळी लिहून दिली तेव्हा मी ती चिठ्ठी दोनदा उलटसुलट करून पाहिली.

झालं होतं असं, की उन्हाळ्यात ओट्याची एकच पायरी उतरताना तिचा तोल गेला आणि तिने हात टेकला. बस्स, तेवढ्याने मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरने तिला एका मशीनखाली झोपवून तपासणी केली आणि सांगितलं, हाडं आतून पोकळ झालीत, आज मनगट मोडलं, उद्या पाठ किंवा मांडी मोडेल. आठवड्यातून एक गोळी. सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर गिळायची. मग अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहासुद्धा नाही.

आता मला सांगा, एवढे नियम कोणत्या साध्यासुध्या गोळीला असतात? मला तेव्हाच वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यात गोळ्या आणणार कोण, तर आमची सून उज्ज्वला. ती बमरोलीत एका मेडिकल स्टोअरवर बसते. मुलगी हुशार आहे, माझ्या तोंडावर उत्तर देते, गुजराती तर दुकानदारापेक्षा फाडफाड बोलते. पण दुकानात बसणाऱ्याला दुकानाची सगळी औषधं गुणकारीच वाटतात, असं माझं मत होतं. मी तिला पाकिटातला कागद मागितला. तिने काढून दिला. घडी उलगडता उलगडता तो कागद टॉवेलाएवढा झाला. एवढा मोठा कागद एवढ्याशा पाकिटात कोंबणारा माणूस काहीतरी लपवतोच.

"वाच," मी म्हणालो.

"आप्पा, इंग्रजीत आहे सगळं."

"म्हणून तर तुला सांगतोय."

तिने वाचलं. छातीत जळजळ, अन्ननलिकेला जखम, पोटदुखी, सांधेदुखी. आणि खाली, क्वचित म्हणून, जबड्याचं हाड मरणं आणि मांडीचं हाड मोडणं.

"थांब," मी म्हणालो. "हाडं मोडू नयेत म्हणून गोळी, आणि गोळीनेच हाड मोडणार?"

"क्वचित लिहिलंय आप्पा. हजारो लोकांत एखाद्याला. तेही बरीच वर्षं घेतली तर. आणि न घेणाऱ्यांची मोडतात ती कोण मोजणार?"

"तो एखादा कोणाच्या तरी घरातलाच असतो ना?"

यावर तिच्याकडे उत्तर असेलही, पण ती कामावर निघाली होती.

शेजारी निंबा राहतो. धुळ्याकडचा. जगातल्या सगळ्या आजारांची त्याला खबर असते. मी नुसतं 'जबडा' म्हणालो तर तो उडालाच. नंदुरबारला त्याच्या साडूची आई होती, तिने दाढ काढली आणि जखम काही भरलीच नाही, जबडा आतून सडत गेला म्हणे. मी विचारलं, तिला हीच गोळी चालू होती का? निंबा म्हणाला, ते नाही माहीत, पण हाडाचीच असणार. एरवी मी निंबाचं 'असणार' कधीच ऐकून घेतलं नसतं. पण आपल्या मनातलं बोलणाऱ्या माणसाला आपण तपासत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर करून टाकलं. "ही गोळी माणसाचा जबडा सडवते. ज्याला सडवून घ्यायचा असेल त्याने घ्यावी."

उज्ज्वला ताट बाजूला सारून म्हणाली, "आणि आई उद्या मोरीत घसरल्या, खुबा मोडला, तर त्यांचं सगळं कोण करणार आप्पा? तुम्ही?" आमचा मुलगा हेमराज सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये शिफ्ट करतो. तो घरी असला तरी त्याचं लक्ष मोबाइलमध्ये असतं, आणि अशा वेळी तर तो त्यात बुडूनच जातो. उज्ज्वलाचं आणि माझं चांगलंच वाजलं. उषाबाई तव्यावर भाकरी उलटत होती. तिने मान वर केली नाही. मी धरून चाललो, की ती माझ्या बाजूची आहे. उज्ज्वलाने धरलं, की ती तिच्या बाजूची आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उज्ज्वला सकाळी ग्लास आणि गोळी घेऊन उभी राहिली. उषाबाईने गोळी तोंडात टाकली, ग्लासभर पाणी प्याली आणि पदराने तोंड पुसलं. मी खाटेवर बसून बघत होतो. ऐकलं शेवटी सुनेचंच, असं म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण ह्या बाईने माझा एक शब्द कधी मानला असेल तर शपथ. मी म्हणालो लिंबायतला खोली घेऊ, तिने उधन्यात घ्यायला लावली. मी म्हणालो हेमराजला गावी शिकवू, तिने इथल्या शाळेत घातला. तर गोळीचं ती कशाला ऐकेल?

पण मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं ठरवलं. दर रविवारी मी तिच्यासमोर बसायचो. उज्ज्वला गोळी द्यायची, ही पाणी प्यायची, थोडं थांबायची आणि मागच्या मोरीकडे जायची. तिथे तिची तपकीर चालायची. आमच्या खानदेशातल्या म्हाताऱ्या बायकांना दातांना तपकीर घासल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. उषाबाईची डबी कायम कनवटीला. ती चिमूट डाव्या गालात अशी दाबून ठेवते, की ती भाकरी थापते, भांडते, बाळंतिणीला गाणं म्हणते, पण तोंडात काही आहे हे समोरच्याला कळत नाही. तासाभराने थुंकते तेव्हा कळतं. मी त्याला कधी आक्षेप घेतला नाही. तपकीर म्हणजे काही खाणं नव्हे.

थोड्याच आठवड्यांत माझं म्हणणं खरं व्हायला लागलं. तिचं तोंड आलं. डाव्या बाजूला, आतून, लालभडक. जेवताना ठेचा नको म्हणाली. उषाबाई आणि ठेचा नको! मी तिथेच ओळखलं.

"देख, हाऊ जबडाच शे," मी तिला आमच्या खानदेशी बोलीत म्हणालो. "सुरू व्हयनं."

"काही व्हत नही," ती म्हणाली आणि दुधात भाकरी कुस्करून खाल्ली.

उज्ज्वलाचा संशय तपकिरीवर. "आई, ती डबी आधी फेका," ती म्हणायची. मग आमची जुंपायची. ती म्हणायची तपकीर, मी म्हणायचो गोळी. उषाबाईचं तोंड बरं व्हायचं आणि रविवार गेला की पुन्हा यायचं. रविवारनंतरच! मी हे उज्ज्वलाला दाखवून दिलं तेव्हा तीही बोटांवर रविवार मोजायला लागली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगायला नको होता, पण झाला. दोष सापडला की मला आनंद होतो, मग तो दोष बायकोच्या तोंडात का असेना.

श्रावणात कानबाई आली, आमच्या खानदेशी घरांची देवी. आमच्या भाऊबंदकीत सगळ्यांत मोठी बाई म्हणून विसर्जनाचा मान उषाबाईचा. नारळाची कानबाई, तिला नथ, मंगळसूत्र, फुलांची वेणी, आणि तो सगळा पाट डोक्यावर घेऊन वाजतगाजत निघायचं. डॉक्टरने वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. पण कानबाईला नाही कसं म्हणणार? उज्ज्वलासुद्धा बोलली नाही. उषाबाईने पाट डोक्यावर घेतला, दाराबाहेर पडली, गल्लीच्या तोंडापर्यंतही गेली नाही. मध्येच "माय वं" म्हणून थांबली. पाट दुसऱ्या बाईने झेलला. हिने एका हाताने भिंत धरली आणि एक हात पाठीवर ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी आयुष्यात तिला रडताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. त्या दिवशी ती रडत होती, आणि बायका म्हणत होत्या कानबाई अंगात आली.

मी घाबरलो, खरं सांगतो. आणि घाबरलो की मला राग येतो. मी तो टॉवेलाएवढा कागद खिशात घातला, रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन डॉक्टरकडे गेलो. उज्ज्वलाही मागच्या सीटवर तिला धरून बसली होती. वाटेत मी उज्ज्वलाकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर गुजराती, वयाने हेमराजएवढा. त्याने आधी एक्स-रे काढायला लावला. मग तो काचेवर लावून म्हणाला, "काका, ये देखो. बाकी के मणके चौकोन है, ये एक दब गया है."

कमरेच्या वरचा एक मणका चेपला होता. बाकीच्या रांगेत तो तेवढा बुटका दिसत होता.

मी खिशातून कागद काढला आणि टेबलावर आपटला. "ये आपकी गोली ने किया. इसमें लिखा है. मुँह सड़ गया, अब पीठ टूटी. कल जाँघ टूटेगी. सब लिखा है!"

बाहेर बसलेले लोक आत डोकवायला लागले. उज्ज्वला म्हणाली, "आप्पा, हळू." मी आणखी मोठ्याने बोललो.

डॉक्टर चिडला नाही, याचाही मला संशय आला. तो म्हणाला, "मुँह में क्या हुआ है?" आणि बॅटरी घेऊन उषाबाईसमोर वाकला. "मासी, मोढुं खोलो."

तिने तोंड उघडलं. तो बराच वेळ बघत राहिला. उजवीकडे बॅटरी, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. एका हलणाऱ्या दाढेला त्याने बोट लावलं. मग तिच्या कनवटीला डबीचा उंचवटा दिसला, तिकडे बघून म्हणाला, "बजर घसो छो?" तपकिरीला इकडे बजर म्हणतात. तिने मान हलवली.

"कौनसी बाजू रखते हो?"

तिने डाव्या गालाला बोट लावलं.

डॉक्टर स्टुलावर बसला आणि अगदी हळू विचारलं, "मासी, गोली निगलते हो, या वो भी वहीं रखते हो?"

"काय बोलताय तुम्ही!" मी मराठीतच ओरडलो. "मी समोर बसतो. दर रविवारी. माझ्या डोळ्यांदेखत घेते ती गोळी. ग्लासभर पाणी पिते!"

उषाबाई खाली बघत होती. उज्ज्वला तिच्याकडे बघत होती. मग मीही बघितलं, आणि मला कळलं. ताके तपासणाऱ्या माणसाच्या समोर बसून, भर उजेडात, ती गोळी डाव्या गालात दाबून वरून ग्लासभर पाणी पीत होती आणि मोरीत जाऊन थुंकत होती. ह्या गोळ्या तोंडात ठेवल्या तर कातडी जाळतात, डॉक्टर सांगत होता, म्हणून तर पाण्याबरोबर लगेच गिळायला सांगतो. तोंड गोळीनेच आलं होतं. पण पाठ गोळीने गेली नव्हती. पाठीपर्यंत गोळी पोचलीच नव्हती.

"आई, का?" उज्ज्वलाने तिचा हात धरला. "घ्यायची नव्हती तर मला सांगायचं ना!"

उषाबाई बोलली ती आमच्या घरातल्या बोलीत, डॉक्टरला कळू नये म्हणून.

"तू एवढी कामवरथीन दमी येस, माले गोयी आनस. ह्या म्हनतस जबडा सडी. मी काय करू? तुनं मन राखाले तोंडमा लिधी, ह्यासनं मन राखाले थुकी दिधी."

म्हणजे ऐकलं होतं तिने माझं. सगळ्या जन्मात एकदाच ऐकलं, आणि ते हे. मला त्या खोलीत बसवेना. मी भिंतीवरच्या काचेकडे बघितलं. त्या रांगेतला तो चेपलेला मणका तसाच होता.

डॉक्टरने मग सगळं नीट समजावलं. टेबलावरच्या कागदाची घडी घालता घालता मी ऐकलं. कागदावर लिहिलेलं खोटं नाही, तो म्हणाला, जबड्याचं होतं, पण फार क्वचित, आणि बहुतेक दाढ काढल्यावर. म्हणून आधी दातांच्या डॉक्टरला ती हलणारी दाढ दाखवा, काढायची असेल तर आधी काढा, जखम भरू द्या, मग गोळी. मांडीत किंवा जांघेत दुखायला लागलं तर लगेच या. काही वर्षांनी गोळी थांबवता येते का तेही बघू. तपकीर मात्र सोडाच, ती हिरड्याही खाते आणि हाडंही. आणि गोळी घेतलीच नाही, तर एक मणका चेपला की दुसरा चेपायला वेळ लागत नाही, मग खुबा. गोळी नको असेल तर वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं इंजेक्शनही असतं.

"इंजेक्शनच द्या," उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली. "थुंकता तरी येणार नाही."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "एकदा आत गेलं की वर्षभर काढता येणार नाही. आणि तुमच्याच दुकानात मिळत असेल ते."

"आप्पा, आता तरी दुकान काढू नका!"

"मग काय काढू?"

टेबलावर खणकन काहीतरी वाजलं. उषाबाईने कनवटीची डबी काढून आपटली होती.

"माले कोन इचारं?" ती म्हणाली.

डॉक्टरला भाषा कळली नसेल, पण त्याने पेन खाली ठेवलं.

"मनी माय खाटलावर पडी व्हती," ती म्हणाली. तिची आई अमळनेरकडची. मांडी मोडली आणि मरेपर्यंत उठली नाही. "पानी बी दुसरा पाजेत. कूस बी दुसरा बदलेत. मी देखेल शे. माले गोयीनं भ्याव वाटस, नही म्हनत नही. पन खाटलानं जास्ती वाटस." मग ती डॉक्टरकडे वळली आणि तिला येणाऱ्या हिंदीत म्हणाली, "इंजेक्शन नको. गोली दो. मैं निगलेगी."

डॉक्टरने मान हलवली. डबी टेबलावर तशीच राहिली. ती आम्ही कोणी उचलली नाही. घरी तिच्याकडे दुसरी असणार असं मला वाटलं, अजूनही वाटतं, पण मी शोधली नाही.

दाढ काढली. जखम भरेपर्यंत मी रोज तिचं तोंड बघायला मागायचो आणि ती दाखवायची नाही. निंबा विचारपूस करायला आला, तर मी त्याला विचारलं, साडूच्या आईला कोणती गोळी होती ते आधी विचारून ये. तो गेला तो अजून आलेला नाही. दातांच्या डॉक्टरने ठीक आहे म्हटलं, मग हाडांच्या डॉक्टरने ठीक आहे म्हटलं. उज्ज्वलाने नवं पाकीट आणलं आणि काही न बोलता देव्हाऱ्याशेजारी ठेवलं.

काल रविवार होता. उज्ज्वलाची सकाळची ड्यूटी होती, ती निघून गेली होती. हेमराज रात्रपाळी करून झोपला होता. उषाबाई पाठीला पट्टा बांधून खुर्चीत बसली. तिने पाकीट माझ्या हातात दिलं. मी गोळी काढली. एवढीशी, पांढरी. ती माझ्या तळहातावर होती आणि मला ती पुढे करवेना.

"सांगा," ती म्हणाली. "आते तुम्हना मनमा काय शे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "भ्याव," मी म्हणालो.

"माले बी," ती म्हणाली आणि माझ्या हातावरची गोळी स्वतःच उचलली.

ती ग्लासभर पाणी प्याली. गळ्याखाली घोट उतरताना मला दिसले. मग ती माझ्याकडे वळली आणि मी न मागता तिने तोंड उघडलं, जीभ वर केली, बोटाने डावा गाल ओढून धरला. एखादा चांगला नवरा म्हणाला असता, राहू दे. मी वाकून बघितलं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, काढलेल्या दाढेच्या जागी बघितलं. कुठेही काही नव्हतं.

आता ती खरंच आत गेली होती, जिथे माझी नजर पोचत नाही. इतके महिने मी ज्या गोळीशी भांडलो ती कधी पोटात गेलीच नव्हती, आणि जी गेली तिच्याबद्दल मला काहीच म्हणता येत नव्हतं. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो.

"नीट बठा," ती म्हणाली. "अर्धा तास शे."

मी पाठ ताठ केली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो उचलायला ती वाकणार म्हणून मी आधीच उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. हात मात्र मी तिथेच राहू दिला.